मालकिणीने परत नेला

कोळवणहून सकाळच्या एस्टीने आल्या
चंद्रभागाबाई ढमाले
आणि माझ्या टेबलावर ठेवली कुंकवाची जुनी डबी.
"हळू उघडा. पंखांचा भुगा होतो."

शिवाजीनगरच्या या खोलीत डांबरगोळ्यांचा वास
इतका मुरलाय की चहालाही तोच येतो.
चिमट्याने पतंग उचलला, भिंगाखाली धरला.
वाळल्या पेंढ्याचा रंग.
पुढच्या पंखावर काळा ठिपका, एकच.
दुसऱ्या पंखावरचा कुंकवात बुडालेला.
शेपटाशी पिवळ्या केसांचा झुपका.

"मादी आहे," मी म्हणाले. "भाताचा खोडकिडा."
"आणि नर?"
"बारका. मातकट. पटकन नजरेत भरत नाही."
बाई हसल्या. मीही.

वहीत लिहीत गेले: मुक्काम, तालुका, पीक.
"वाण?"
"आंबेमोहर."
हे त्यांनी आवाज उतरवून सांगितलं,
घरातल्या लेकीचं वय सांगावं तसं.

मग ओल्या फडक्यातून निघाल्या लोंब्या
पांढऱ्या, ताठ.
"बाकीचं शेत वाकलंय. ह्याच तेवढ्या उभ्या.
ओढली की सुळकन हातात येते,
खाली कुणी धरलेलंच नसतं."
नखाने एक दाणा फोडला. पळींज.

मी पेर उभं चिरलं.
आत ओलसर भुसा, त्यात अळी,
अंग मळक्या दुधासारखं, डोकं तांबूस.
"हिचीच पोर?"
"तिच्याच जातीची. पतंग स्वतः काही खात नाही,
त्याला धड तोंडच नसतं.
चार-पाच रात्री जगते. पानाच्या शेंड्यावर अंडी घालते
आणि आपल्याच अंगचे केस काढून त्यांवर पांघरते."

बाई डबीकडे बघत राहिल्या.
"एवढं करून पोरं ही अशी," म्हणाल्या.

मीटरभर चौकोनात त्यांनी मोजून आणलं होतं:
दोनशे सतरा लोंब्या, एकतीस पांढऱ्या.
मी भागाकार केला. शंभरात चौदा.
एकरी दहा क्विंटल धरले तर जवळजवळ दीड.

"माझा हिशेब निराळा," त्या म्हणाल्या.
"गटात आम्ही अकरा जणी.
कोथरूडच्या साठ घरांनी आगाऊ नोंदवलाय तांदूळ.
शंभरात चौदा म्हणजे आठ घरांना
फोन करून नाही म्हणायचं.
त्यात एक बाळंतीण आहे. पेजेसाठी मागितलाय तिनं."

पुढल्या सालासाठी मी सांगत गेले:
रोपांचे शेंडे खुडून लावा,
कापणी अगदी बुडाशी, धसकटं राहू देऊ नका,
गंधाचे सापळे कधी टांगायचे ते.
बाई मान हलवत होत्या, पण बोटांवर
आठच घरं मोजत होत्या, कुठली आठ.

मी टाचणी हातात घेतली.
इतका शाबूत झुपका आमच्या पेटीत नव्हता.
"टोचू नका," त्या म्हणाल्या. "गटात दाखवायचीय.
ठिपका बघितला की विसरणार नाहीत."
"संग्रहासाठी राहू द्या ना."
"अहो, दीड क्विंटल खर्च झालाय हिच्यावर माझा."

डबीचं झाकण लागलं.
टेबलावर चिमूटभर पिवळी धूळ, तिच्यात लाल कण.

नमुना क्रमांकाचा रकाना मी कोरा सोडला
आणि शेऱ्यात लिहिलं:
मालकिणीने परत नेला.