इतर

नाबर साहेब वाऱ्याला
वाऱ्यालाही उभं करत नसत.
कोळशाला तीन रकाने, पाण्याला दोन, गॅसला एक,
आणि पानाच्या अगदी कडेला, पेन्सिलने,
'इतर'.
त्यात वारा असायचा,
लग्नाच्या यादीत शेवटी 'आणि शेजारचे' असतात तसा.
"मुलुंडपासून कुलाब्यापर्यंत पंखे चालू आहेत, हेमांगी.
शहर वाऱ्यावर सोडायचं नसतं."
मी नवीन होते. वहीत लिहून घेतलं.

आता रात्रीचे पावणेतीन.
चेंबूरच्या कंट्रोल रूममधला एसी हाडात शिरतो.
डबा उघडाच, वालाची उसळ गार.
भिंतीवर वाऱ्याचा रकाना, हिरवा, सगळ्यांत रुंद:
कच्छ, धुळे, सातारा, खाली पार तमिळ किनाऱ्यापर्यंत.
देशभरच्या तारांना ठोका एकच,
सेकंदाला पन्नास.

पठारावरून शेलारांचा फोन.
"मॅडम, वारं सुटलंया. पाती नुसती घुमत्यात."
अंदाज साडेतीनचा होता.
वाऱ्याने अंदाज वाचलेला नसतो.
५०.०४. ५०.०७.
कोळशाच्या संचाला सांगते, उतर.
तो उतरतो, जड माणूस जिना उतरतो तसा,
प्रत्येक पायरीवर दम खात.
धरणाला सांगते, दार लाव. ते चटकन ऐकतं.
५०.०२.
खिडकीत ट्रॉम्बेच्या धुराड्याचे लाल दिवे.
धूर रात्री दिसत नाही;
कमी झाला असेल, असं मी धरून चालते.

सव्वातीनला साहेबांचा फोन.
निवृत्तीपासून झोप नाही त्यांना.
लोक स्कोअर विचारतात, ते फ्रिक्वेन्सी.
"पन्नास," मी म्हणते. "शंभरातले एकतीस वाऱ्याचे."
पलीकडे फक्त त्यांचा पंखा,
जुना, दर फेरीला खट् करणारा.
तारेत शिरलेल्या विजेला गाव उरत नाही,
हे त्यांनीच मला शिकवलेलं.
तरी म्हणतात,
"म्हणजे मला आत्ता साताऱ्याचा वारा लागतोय."
खट्. खट्.
"आणि पडला तर?"
"तर कोळसा चढवीन. जिना तोच आहे."
बराच वेळ काही नाही.
"सोडलंस शेवटी," ते म्हणतात.
रागावलेत की काय, आवाजावरून कळत नाही.
"चादर घ्या," मी म्हणते.

पुढची पंधरा मिनिटं सुरू झाली.
उसळ तशीच गार खाते,
एक डोळा हिरव्यावर.