जवारी

उजव्या कानातला आवाज सुरू झाला
तो वैजयंतीच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी.
स्कनथॉर्पमध्ये तेरावा कसला म्हणा,
फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या, पाच माणसं,
आणि लीड्सहून आलेला भाचा घड्याळाकडे बघत.

आधी वाटलं, फ्रिज.
मग वाटलं, शेजारच्या केनचा बॉयलर.
फ्रिजची वायर काढली. दूध नासलं.
आवाज तसाच.

कानांची डॉक्टरीण भली होती.
"भट्टीजवळ एकतीस वर्षं, मिस्टर नेर्लेकर,"
म्हणत तिने आलेखावर बोट ठेवलं,
जिथे रेघ कड्यावरून पाय घसरल्यासारखी
खाली गेली होती.
"बाहेर काही वाजत नाहीये.
जे ऐकू येईनासं झालं, ते तुमचा मेंदू शोधतोय.
सापडत नाही, म्हणून स्वतःच वाजवतोय."
मी आभार मानून निघालो.
हे वाक्य माझ्या मागोमाग बसमध्ये चढलं.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये ध्यानाचा वर्ग, सहा पौंड.
शिकवणारा मुलगा पितळी वाडगा वाजवतो,
म्हणतो, आता शांतता ऐका.
सगळे ऐकतात.
मी एकटा रातकिड्यांची वरात घेऊन बसलेला.
"हे तुमच्याकडचंच ना?" त्याने कौतुकाने विचारलं.
आमच्याकडचंच, बाबा.
आघाताशिवाय उमटतो तो अनाहत नाद,
योग्यांना जन्मभराच्या साधनेने ऐकू येतो म्हणे.
मला फुकट आला,
तर सरकारी दवाखान्याने पत्रक दिलं हातात.

मग एका पहाटे, साडेतीनला,
बाबालालचाचा आठवला.
मिरजेत आमच्या बोळाच्या तोंडाशी तंबोरे करायचा.
शाळा सुटली की मी तिथे, लाकडाच्या भुशात.
नवी तार छेडली की नुसती ठणकायची,
दुखऱ्या दाताला गार पाणी लागावं तशी.
मग चाचा घोडीवर, तारेखाली
सुताचा दोरा घालायचा,
केसभर पुढे, केसभर मागे,
आणि एका जागी तोच ठणका उमलायचा,
अख्खं दुकान भरून जायचं.

"चाचा, दोरा वाजतो का?"
"दोरा काय वाजंल? दोरा नुस्ता मधी बसतो.
तारेला घोडीवर डोकं आपटू देत न्हाई.
तू बी मधी बसाय शीक, लेका.
जे वाजतंय ते तू न्हवं."

मी दहा वर्षांचा होतो.
मला वाटलं, तंबोऱ्याबद्दल बोलतोय.

त्या पहाटे, वैजूच्या खुर्चीसमोर,
पहिल्यांदाच मी आवाजाला जा म्हटलं नाही.
हा आवाज.
हा ऐकणारा.
मध्ये जागा किती? सुताएवढी.
सापडली, निसटली, पुन्हा चाचपली.
केन उठू नये म्हणून अगदी हलकेच
खर्जातला सा लावला.
वरचा तो तसाच होता,
पण आता एकटा नव्हता.
रडू आलं.
तेही वाजू दिलं.

याला ज्ञान वगैरे म्हणू नये.
सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला विसरलो.
आणि कपाटात तिच्या गोळ्यांची पेटी,
शुक्रवारचं झाकण न उघडलेलं,
तार पुन्हा घोडीवर आपटली.
दोरा सरकतो.
चाचाचाही सरकायचा.
तो शिवी हासडून पुन्हा लावायचा.

केनच्या कानातही आहे, चौदा वर्षं झाली.
बायकोलासुद्धा बोलला नव्हता.
कुंपणावरून मी त्याला दोऱ्याचं सांगितलं,
माझ्या इंग्रजीत सुतार, भोपळा, तार, सगळं गुंतलं.
त्याची सिगारेट बोटांतच विझली.
"मग थांबला का तुझा?"
"नाही."
"हं," तो म्हणाला. "माझा जरा वरच्या पट्टीत आहे."
आणि गुणगुणून दाखवला.
बेसूर.
मी मान डोलावली.