दर्शनी किंमत

गुरुवारी साडेसहाला लायब्ररीच्या तळघरात
मी दहा घडीच्या खुर्च्या मांडतो. येतात तीन-चार जण.
बाहेर डुलुथचं तळं काठाकाठाने गोठत आलेलं.
तळं कसलं, पलीकडचा किनारा दिसत नाही,
पण आम्ही तळंच म्हणतो.
खनिजाची बोट पुलाखालून जाताना भोंगा असा देते
की फळ्याखालचा खडू थरथरतो.

एकतीस वर्षं मी बँकेत काचेमागे बसलो.
लोक भरायचे, काढायचे, थंडीबद्दल बोलायचे.
प्रश्न कुणी विचारला नाही.
मागे रांग असली की अडाणी दिसायची भीती वाटते,
हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

पा न्या व्हांगने विचारलं, फंड असतो कुठे? म्हणजे, ठेवतात कशात?
मी म्हटलं, चर्चमधलं जेवण आठव,
प्रत्येकाने आपापलं भांडं आणायचं,
आणि प्रत्येकाच्या ताटात सगळ्यातलं थोडं थोडं.
एखाद्याचं करपलं तरी कुणी उपाशी उठत नाही.
वाढणारा स्वतःसाठी एक घास काढून ठेवतो,
त्याला खर्चाचं प्रमाण म्हणतात.
"सगळंच करपलं, तरी काढतो?"
तरीही काढतो.
तिने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

कोडी गोदीत वेल्डिंग करतो. त्याचं एकच:
बाजार पडला की विकायचं का?
मी तयारच होतो. म्हटलं, बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसतोस,
वारा सुटला म्हणून उठून घरी जातोस?
"वाऱ्याने नाही. बर्फ तडकायला लागला तर जातो."
मग तो खरंच तडकतोय की नुसता कण्हतोय, हे कसं ओळखतोस?
"तेच तर तुम्हाला विचारतोय."
मी खडू खाली ठेवला.

व्हर्ना तुओमिनेन शाळेच्या खानावळीत वाढते.
ती शेवटच्या खुर्चीत, कोट न काढता.
तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून अकरा कागद काढले,
माशांच्या गळांच्या पेटीत तळाशी सापडलेले,
कडांना गंजाचे डाग.
रेइनोमामा मार्चमध्ये गेला. त्याचं आणि आईचं
एका होडीवरून बोलणं बंद होतं, मी आठ वर्षांची असल्यापासून.
दर नोव्हेंबरला एक. सत्त्याऐंशी ते सत्त्याण्णव.
सगळ्यांवर माझं नाव.

"हे अजून वाढतायत?"

मी चष्मा पुसला.
वर पन्नास छापलंय, ती दर्शनी किंमत.
मामाने भरले पंचवीस.
उरलेलं वर्षांनी भरायचं असतं, तीस वर्षं,
त्यानंतर कागद थांबतो.
सात थांबलेत. ते मोडून टाका, आता त्यांच्यावर काही उगवणार नाही.
चार अजून चालू आहेत.

"मामा नसताना?"
मामा नसताना.

थेंबाथेंबाने तळं साचतं असं म्हणायला
माझं तोंड धजलं नाही,
भिंतीपलीकडे ते एवढं मोठं पडलेलं असताना.

तिने चार वेगळे केले, पिशवीची चेन दोनदा तपासली.
नावात एक अक्षर चुकलंय, म्हणाली, चालेल का?
चालेल. हवं तर दुरुस्त करता येतं, एक फॉर्म असतो.
"नको. असू दे. त्याला कधीच नीट लिहिता आलं नाही."

मी फळ्यावर पुढच्या आठवड्याचा विषय लिहिला: कर.
कोडी खुर्च्या मिटत होता, दोन-दोन एकदम, खणखणाट.
त्यात पा न्या इतकं हळू बोलली
की मला परत विचारावं लागलं.
"मी पंचवीस डॉलरनी सुरुवात केली,
तर तिथले लोक हसतील का?"

मी तोंड उघडण्याआधी
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून व्हर्ना वळली.
"नाही हसत," ती म्हणाली.