पाणी न पिणारी भिंत

मी भिंती उभारतो, चार-चार महिन्यांच्या.
लियाँच्या संग्रहालयात, तळमजल्यावर :
पत्र्याची चौकट, जिप्समचे तक्ते, सांध्यांवर कागदी पट्टी.
प्रदर्शन संपलं की त्याच हातांनी उतरवतो.
बाप माझा पोर्तुगालात, डोंगरात, दगडाच्या भिंती रचायचा.
त्या अजून उभ्या आहेत, आत कुणी राहत नाही.
माझ्या भिंती आतून पोकळ असतात
हे मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

काटिगा आली बुर्किना फासोहून, तिएबेले गावची.
सत्तरीची बाई. सोबत भाचा अद्दा, दुभाष्या म्हणून.
सामानात लाल माती, पांढरी माती, काळा दगड,
गिनी-कोंबडीच्या पिसांची जुडी
आणि पाच गोटे, घासून घासून लोण्यासारखे झालेले.
विमानतळावर माती दोन दिवस अडकून पडली.
गोट्यांना कुणी काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी तिने रंग काढलाच नाही.
भिंतीपाशी गेली, बोटाच्या पेराने वाजवून पाहिली,
कलिंगड वाजवतात तशी.
कान लावला.
मग अद्दाला काही विचारलं, अद्दाने मला :
‘हिच्या मागे कोण राहतं?’

मागे दुसरी भिंत आहे, मी म्हटलं.
मधे वायरी.

हे तिला दोनदा सांगावं लागलं.

त्यांच्याकडे भिंत पुरुष रचतात,
हातभर थर, तो वाळला की वरचा.
दार इतकं बुटकं की येणाऱ्याने
आधी मान आत घालावी, मग उरलेलं अंग.
म्हातारीचं घर म्हणजे
दोन घागरी एकमेकींना टेकवून ठेवाव्यात तसं.
मग बायका येतात. सारवतात.
ओल्यातच रेघ ओढतात, गोट्याने घोटतात,
त्यामुळे रंग भिंतीवर बसत नाही, मुरतो.
‘आणि मग घर कोणाचं?’ मी विचारलं.
अद्दाने हे भाषांतर केलंच नाही.

तिने ओंजळभर पाणी माझ्या भिंतीवर मारलं.
ओघळ सरळ खाली, फरशीवर थारोळं.
ही पाणी पीत नाही, म्हणाली.
आजारी पोराबद्दल बोलावं, तसं.

शहराबाहेर एक जुनं धान्याचं कोठार पाडत होते,
चोपून बांधलेल्या मातीचं.
शनिवारी मी ट्रॉलीभर माती आणली. परवानगी नंतर घेतली.
तक्त्यांवर गोणपाट ठोकलं, गवत कालवून बोटभर लेप दिला,
पोलादी थापीने आरशासारखा सपाट.
तिने थापी माझ्या हातातून काढून घेतली
आणि खिडकीत ठेवली.

वीस वर्षांत मी भिंतीला तळहात लावला नव्हता.

मग नऊ दिवस. फुटक्या भोपळ्याच्या खापऱ्या, मासेमारीचं जाळं,
ससाण्याचा पंख, पुन्हा जाळं.
गोटा फिरला की पोकळ भिंत आतून गुंगायची,
वरच्या मजल्यावरचा पहारेकरी एकदा बघायला आला.
कॅफेच्या स्वयंपाकघरात तिने नेरेच्या शेंगा उकळल्या,
त्या काढ्याने शेवटचा हात दिला.
वास आठवडाभर कोटाला येत होता.

उद्घाटनाच्या पाटीवर तिचं नाव, गाव, साल,
आणि : माती, दगड, पिसं, शेंगा.
भिंतीचा उल्लेख नव्हता. कधीच नसतो.
जाताना तिने मला एक गोटा दिला. त्याचं काय करायचं
मला अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये उतरवायचा हुकूम आला.
स्क्रू कुठे आहेत ते मलाच ठाऊक :
तीस-तीस सेंटीमीटरवर, जाळ्याच्या गाठीखाली,
ससाण्याच्या पंखाखाली.
चाचपडत काढले, एकेक.
काळ्या रेघेचा एक तुकडा हाताएवढा अख्खा निघाला,
दुसऱ्या हातात घेईपर्यंत त्याचे तीन झाले.

माती कचऱ्यात द्यायची होती.
मी माझ्या वाफ्यावर नेली, रेल्वेच्या रुळांकडेला.
तिथे एका कोपऱ्यात जमीन जरा लालसर दिसते.
पाणी पिते, चांगलं पिते.
घेवडा मात्र यंदा नीट आला नाही.