डावा हात

मंगळवारी आणि शुक्रवारी माझी बस ब्रेझोवेत्सला जाते,
डॅन्यूबच्या अलीकडचं शेवटचं गाव.
अकरा माणसं, सात धुराडी,
शाळेच्या वर्गात आता कुणाच्या तरी शेळ्या.
पुढे रस्ता नाही. अक्रोडाला वळसा घालून
तिथूनच परत फिरायचं.

नेदेल्याच्या कोबीच्या पिंपात एक दगड असायचा,
खारवलेला कोबी वर येऊ नये म्हणून.
तिला सासूनं दिलेला,
सासूला नांगराच्या फाळानं.

मागच्या सप्टेंबरात टेकाड खणणारी पोरं आली.
पाणी मागायला अंगणात शिरली
आणि त्यातल्या चष्मेवालीनं पिंपात डोकावलं,
अन् तहानच विसरली.
सात हजार वर्षं, ती म्हणाली.
नेदेल्या म्हणाली, मग कोबीवर काय ठेवू?
पोरांनी नदीतला दुसरा आणून दिला. गोरा, गुळगुळीत, निकामी.
त्या साली कोबी मऊ पडला.
मीही खाल्लाय, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये ती बसमध्ये चढली.
इस्त्रीचा काळा रुमाल, मांडीवर बरणी.
तिकीट मी फाडलं नाही. म्युझियमपर्यंत सोबत गेलो.
काचेत दगड, खाली पाटी:
वरवंटा. धान्य दळण्यासाठी. टेकाडाच्या परिसरात सापडला.
पिंपाचं नाव नाही.

ती बराच वेळ नुसती उभी.
मग म्हणाली, उलटा ठेवलाय.
पहारेकरी हसला.
तिनं डावा हात वर केला
(याच हातावर मास्तरांनी छडी मोडलेली,
उजव्यानं लिही म्हणून)
आणि काचेच्या अलीकडे, हवेतच,
पुढे-मागे, पुढे-मागे
दळू लागली.
अंगठा इथं. बोटं इकडून.
झीज बघ ना कुठे आहे.
उजव्यानं अशी झिजेल का रे?

पहारेकरी वाकला. मीही वाकलो.
खळगा एका अंगाला कललेला,
वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपलेल्या माणसाच्या गादीसारखा.

परतीच्या वाटेत ती गप्प होती.
अक्रोडाशी उतरताना, एक पाय पायरीवर ठेवून म्हणाली,
तिला कुणी मारलं नसणार.
एवढा झिजेस्तोवर दळू दिलं म्हणजे.

बरणी ती पहारेकऱ्याला देऊन आली होती.
तो अधूनमधून फोन करतो.
कोबी संपला म्हणतो.
दगड अजून उलटाच आहे.