पाणी मुरतंय कुठेतरी

गावाची वही माझ्याकडे असते.
एकशे बारा घरं, एकशे बारा मीटर,
माणशी पन्नास लिटर,
मंगळवारी टँकर आलाच तर त्याची वेगळी रेघ.
नदीचं पान कोरं आहे.
चिलीतल्या या ऐन हिवाळ्यात, जुलैत,
जी ओलांडायला माझ्या आईला घोडा लागायचा
तिच्यात आता पोरांनी गोलपोस्ट रोवलेत.

वहीला सगळं कळतं.
रोसामेल पावाने ताट पुसून खातो,
मग धुतच नाही.
शाळेच्या बाई खांद्यावरचे केस कानापर्यंत कापून आल्या,
म्हणाल्या, चार लिटर.
ग्रिसेल्दाकडे मोठीच्या पाण्यात धाकटी,
धाकटीच्या पाण्यात फरशी,
फरशीचं पाणी संडासात,
आणि तरी महिनाअखेरीला तिचा आकडा
माझ्यापेक्षा कमी. मला राग येतो.

पण बेरीज जुळत नव्हती.
विहिरीतून निघायचं ते
आणि घरांत पोचायचं ते
यांच्यामधून रोज नऊ हजार लिटर
गायब.

कुठेतरी पाणी मुरतंय, लोक म्हणाले,
आणि सगळ्यांनी एकदमच
एर्मेलिंदाच्या लिंबोणीकडे पाहिलं.

टेकडीवर कंपनीचे अ‍ॅव्होकॅडोही हिरवेगार आहेत.
पण त्यांना कुंपण आहे, वकील आहेत.
एर्मेलिंदाला नुसतं फाटक, तेही न लागणारं.

भांड्यांचं पाणी घालते, ती म्हणाली.
भांड्यांचंच.
एकट्या बाईची भांडी ती किती?
कुणीतरी बोटं मोडून मोजली: दोन बश्या, एक कप,
रविवारी पातेलं.
एवढ्यावर असा बहर येतो होय?
बेकरीच्या रांगेत तिच्या मागेपुढे जागा सुटू लागली.
घागरभर पाणी नसलेल्या गावाने
तिला पाण्यात पाहिलं.
तेवढ्याला पुरलं.

मग नोल्बेर्तोने दारोदार सांगितलं:
शनिवारी रात्री दोन ते चार
कुणी नळ सोडायचा नाही, साखळी ओढायची नाही,
तान्ह्या बाळालाही जगमधलंच पाजा.
कुत्र्यांना कुणी सांगितलं नव्हतं,
ती भुंकली.
बाकी गाव जागंच होतं, अंधारात, मुठी आवळून.

लोखंडी कांबेचं एक टोक नळीवर,
दुसरं कानाशी,
असा तो चालला, मागे मी टॉर्च घेऊन.
एर्मेलिंदाच्या फाटकाशी थांबला.
फार वेळ थांबला.
मग कांब माझ्या कानाला लावली.

म्हाताऱ्या माणसाने दातांच्या फटीतून
श्वास घ्यावा, तसं काहीतरी.

सकाळी खणलं. दीड मीटर खाली
गावाचीच मुख्य नळी, सुटलेला सांधा,
आणि त्याला दोन्ही हातांनी धरावं तशी
मुळांनी घातलेली मिठी.
एर्मेलिंदा खुर्ची आणून बसली होती.
माफी कुणी मागितली नाही.
फावड्यांवर रेलून उभे राहिले, तीच काय ती.
ती एवढंच म्हणाली,
"म्हणजे माझ्या बश्यांचं
यात काहीच नव्हतं."
आणि खुर्ची उचलून आत गेली.

नवा सांधा बसला.
घरामागे दिवसाला ऐंशी लिटर जास्त.
माझ्या वहीतलं सगळ्यात देखणं पान ते.
ग्रिसेल्दाने धाकटीला स्वतःचं पाणी दिलं,
पोरगी बादलीत बसून रडली,
गार होतं म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात लिंबोणीची पानं
आतल्या बाजूने वळायला लागली.

काल रात्री मी अर्धी बादली नेली.
कपड्यांचं दुसरं पाणी,
वहीत न लिहिलेलं.
टॉर्च न लावता, चोरासारखी.
वाकून आळं चाचपलं
तर ओलं.
मनात म्हटलं, गेला, सांधा पुन्हा गेला.
बोटं नाकाशी नेली.

साबणाचा वास.
मी निळी वडी वापरते.
हा दुसरा कुठला तरी होता.