मानस

चोडणच्या खाजणात पपांनी
चाळीस वर्षं मानस राखली.
भरती चढली की फळी पाडायची
आणि बांधावरून ओरडायचं, "पडली!"
खारं पाणी भातात शिरता कामा नये.

आता त्यांच्याच गळ्यातली फळी
वेळेवर पडत नाही.

मी त्यांना खुर्चीत ताठ बसवते,
कुशीला उशी, रेडिओ बंद.
हनुवटी खाली, पपा. अजून थोडी.
उकड्या तांदळाची पेज, घोटून दाट,
अर्धा चमचा, डाव्या गालाकडून.
मग थांबायचं.
कंठमणी वर जाऊन परत येईपर्यंत
दुसरा भरायचा नाही.

उजवा गाल विसराळू.
विजेरी लावून बघते,
एक शीत तिथंच दडलेलं.

फेरी सुटेल म्हणून एकदा घाई केली होती.
त्या रात्रीचा खोकला
अजून भिंतीत आहे.

आज त्यांनी पेज नको म्हणून मान फिरवली.
पाणी? नाही.
औषध? नाही.
चुलीकडे बोट.
हुमण!
गाळून, दाट करून, चमच्याच्या टोकावर दिलं.
आंबट लागलं असावं, डोळे मिटले.
बराच वेळ काहीच नाही.
मग कंठमणी हलला,
आणि अर्ध्या ओठांनी ते म्हणाले,
"पडली."